शिकारी रायफलची नळी: किती जाड, किती लांब, किती जड?

रायफल घेताना काडतुसावर महिनाभर वाद होतात, दुर्बिणींची परीक्षणं रात्र रात्र वाचली जातात, आणि नळी मात्र त्या मॉडेलवर जी बसून येते ती मुकाट्याने घेतली जाते. माझ्या मते क्रम उलटा हवा. .३०८ विंचेस्टर, ६.५ क्रीडमोर, ७ एमएम-०८ यांतलं कोणतंही काडतूस हरणाला पुरून उरतं. पण नळी दोन पौंडांनी जड निघाली तर तिसऱ्या दिवशी चढावर पाय ओढत चालावं लागतं, आणि फार बारीक निघाली तर धाप लागलेली असताना नळीचं तोंड स्थिर राहत नाही. दोन्हींचा शेवट एकाच गोष्टीत होतो: चुकीच्या जागी लागलेली गोळी आणि जखमी होऊन निसटलेलं जनावर. ते टाळणं हे शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि परवाना काढून शिकार करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी. अमेरिकेतली परिस्थिती वेगळी. इथे हरणांची, एल्कची (हरणाच्याच कुळातलं मोठं जनावर) संख्या मोजून राज्याचा वन्यजीव विभाग परवाने देतो आणि त्या पैशांतूनच बरंचसं संवर्धन चालतं. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याने रायफल बाळगता येते. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर एरवी मनाई आहे, आणि राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातल्या अपवादांपैकी एक आहे. आपले कागद वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका.

आणखी एक गोष्ट आधीच बाजूला काढतो. आपल्याकडे रायफल म्हटलं की कोल्हापूरची नेमबाजी आठवते. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात पुरुषांची रायफल आठ किलोपर्यंत चालते, आणि नेमबाज त्या वजनाचा पुरेपूर उपयोग करतात, कारण जड रायफल कमी हलते. त्यामुळे ‘जाड नळी म्हणजे चांगली नळी’ असं आपल्या मनात बसलेलं असतं. पण नेमबाजाला आठ किलो घेऊन दहा हजार फुटांवर चढायचं नसतं. शिकारीत हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

पहिली पायरी: तयार वजन ठरवा

कंपनीच्या पत्रकात असतं ते नुसत्या रायफलचं वजन. तुम्ही खांद्यावर घेता ते वजन म्हणजे रायफल, दुर्बीण, रिंगा, पट्टा आणि भरलेली काडतुसं. याला मी तयार वजन म्हणतो, आणि सगळे निर्णय त्यावरून घेतो. भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा आपल्या प्रत्येक घरात असतो. रिकामी रायफल पट्ट्याने त्याला टांगा, काडतुसं वेगळी तोला आणि बेरीज करा. रायफल रिकामी आहे हे बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा सरकता दांडा) उघडून, डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा पाहूनच टांगा.

किती वजन चालेल हे जागेवर ठरतं. कोलोरॅडोत एल्कच्या मागे नऊ-दहा हजार फुटांवर दिवसभर चालायचं असेल तर साडेसात ते साडेआठ पौंड. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात किंवा टेक्सासमध्ये मचाणावर, झापात बसून हरणाची वाट पाहायची असेल तर साडेनऊ पौंडांनीही काही बिघडत नाही. वायोमिंगच्या माळावर प्राँगहॉर्न (हरणासारखं दिसणारं जनावर) मारायचं असेल तर मधलं वजन घ्यावं, कारण चालणं असतं पण चढ कमी आणि पालथं पडून लांबचा नेम घ्यायची वेळ जास्त. आणि साउथ डकोटात प्रेअरी डॉगवर (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला छोटा प्राणी) दिवसभर शेकड्याने गोळ्या झाडणाऱ्याने बारा पौंडांची जाड नळी घ्यावी. जाड नळीची खरी जागा तीच.

आता मागे हिशेब करत या. समजा डोंगरासाठी साडेआठ पौंड ठरवले. मध्यम दुर्बीण आणि रिंगा सव्वा पौंड, पट्टा आणि चार काडतुसं अर्धा पौंड. उरले पावणेसात. ॲक्शन (बोल्ट ज्यात बसतो तो मधला भाग), ट्रिगर आणि मॅगझिन मिळून साधारण अडीच पौंड, हलका सिंथेटिक दस्ता दीड पौंड. म्हणजे नळीला उरले पावणेतीन पौंड. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं याच पावणेतीन पौंडांत बसवायचं आहे.

इथे एक सल्ला. वजन कमी करायचं असेल तर पहिला घाव नळीवर घालू नका. मोठ्या भिंगाच्या दुर्बिणी तीस औंसांच्या पुढे जातात, आणि शिकारीला पुरेशी हलकी दुर्बीण बारा-तेरा औंसांत मिळते. नळीची जाडी घालवून एक पौंड वाचवायचा आणि तोच दुर्बिणीवर खर्च करायचा, हे फार जण करतात. ती सर्वांत महाग चूक आहे.

दुसरी पायरी: नावांवर जाऊ नका, माप विचारा

नळीचा बाहेरचा आकार, म्हणजे चेंबरपाशी (काडतूस बसतं त्या मागच्या टोकाशी) किती जाड आणि तोंडाकडे कशी निमुळती होते, त्याला दुकानात कंटूर म्हणतात. फेदरवेट, स्पोर्टर, सेंडेरो, व्हार्मिंट अशी नावं प्रचारात आहेत, आणि नळ्या बनवणारे त्यांना क्रमांकही देतात. पण एका कारखान्याचा तीन नंबर दुसऱ्याच्या तीन नंबराशी जुळेलच असं नाही. म्हणून तीनच गोष्टी विचारा: तोंडाचा व्यास किती, लांबी किती, आणि चेंबरकडचा जाड भाग किती इंच पुढे येतो. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. चेंबरकडची जाडी एखादा इंच जास्त पुढे आली तरी वजन काही औंसांनी वाढतं.

साधारण अंदाजासाठी: तोंडाशी अर्धा ते .५६ इंच म्हणजे डोंगरी, अतिहलकी नळी. .६० ते .६५ म्हणजे नेहमीचा स्पोर्टर. .७० ते .७५ हा मधला जड प्रकार, आणि .८० च्या पुढे व्हार्मिंट. .३० कॅलिबर (म्हणजे साधारण .३० इंच व्यासाचं) भोक आणि चेंबरपाशी १.२ इंच जाडी धरून पोलादाच्या घनतेवरून मी हिशेब केला, तो असा येतो. २४ इंच लांब आणि तोंडाशी .५६ इंच असलेली नळी सुमारे पावणेतीन पौंड. तितकीच लांब, पण तोंडाशी .६५ असलेली सव्वातीन पौंड. २६ इंचांची, तोंडाशी .८५ इंच असलेली व्हार्मिंट नळी साडेपाच पौंडांच्या आसपास. कारखान्यागणिक थोडा फरक पडेल, पण प्रमाण हेच राहील.

कॅलिबरचाही यात हात असतो. बाहेरचं माप तेच ठेवून भोक लहान केलं तर पोलाद जास्त उरतं. त्यामुळे एकाच कंटूरमधली ६.५ ची नळी .३० च्या नळीपेक्षा किंचित जड आणि किंचित ताठ असते.

तिसरी पायरी: लांबी कापा, जाडी राखा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. तोंडाशी .६० ची नळी .७० केली, म्हणजे फक्त दशांश इंच वाढवला, तर भोक वजा करूनही त्या जागी ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. लांबीचा परिणाम उलट दिशेने आणि घनाने होतो: टोकावर तेवढाच जोर आला तर २४ इंचांची नळी २० इंचांच्या नळीपेक्षा सुमारे पावणेदोन पट वाकते.

आता दोन्ही एकत्र पाहा. २४ इंच लांब, तोंडाशी .५६ ची नळी पावणेतीन पौंडांची. २० इंच लांब, तोंडाशी .६५ ची नळी तिच्यापेक्षा जेमतेम दीड औंसाने जड. वजन जवळपास तेच, पण आखूड नळी ढोबळ हिशेबाने तिप्पट ताठ. गोळी सुटताना नळीत लहर उठते. ताठ नळीत ती लहर लहान राहते, आणि काडतूस बदललं, थंडी वाढली किंवा पट्टा ताणला तर गोळी पडायची जागा कमी सरकते.

याची किंमत वेगात मोजावी लागते. दर इंचामागे सेकंदाला वीस ते तीस फूट वेग जातो. .३०८ सारख्या काडतुसात कमी, मॅग्नममध्ये (जास्त दारूच्या, जोरदार काडतुसांत) जास्त. म्हणजे चार इंच कापले तर ऐंशी ते एकशेवीस फूट. तीनशे यार्डांच्या आत शिकार करणाऱ्याला हा फरक दुर्बिणीच्या एखाद-दुसऱ्या टिचकीचा आहे; हरणाला तो जाणवणार नाही. मॅग्नम काडतूस मात्र वीस इंचांत घालू नये. त्यात बरीच दारू नळीबाहेर जळते, आवाज आणि झोत दोन्ही वाढतात, आणि ज्या वेगासाठी मॅग्नम घेतलं तोच हातचा जातो. मॅग्नमला २४ इंच, .३०८ आणि ६.५ क्रीडमोरला २० ते २२ इंच हे माझं मत.

आखूड नळीचा आवाज कानाला जास्त मारतो. रेंजवर कानात प्लग आणि त्यावर मफ घाला, आणि शिकारीतही कानांचं संरक्षण सोडू नका. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

कायद्याची खालची मर्यादाही लक्षात असू द्या. फेडरल कायद्याने साध्या रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड नको. कोलोरॅडोचा नियमही मोठ्या शिकारीसाठी किमान १६ इंच नळी, किमान .२४ कॅलिबर आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा मागतो. एल्क आणि मूससाठी गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हवी. दर वर्षीची नियमपुस्तिका उघडून पाहा, कारण राज्यागणिक हे बदलतं.

चौथी पायरी: उष्णतेची भीती तिच्या जागी ठेवा

बारीक नळी लवकर तापते, हे खरं. तापल्यावर गोळ्या एका बाजूला सरकू लागतात, विशेषतः नळीच्या पोलादात घडवताना राहिलेला ताण नीट काढलेला नसेल तर. बटन घालून आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खोबणी) पाडलेल्या किंवा हातोड्यांच्या यंत्राखाली घडवलेल्या नळीत असा ताण जास्त राहू शकतो, कापून आटे पाडलेल्या नळीत कमी. चांगले कारखाने भट्टीत तो ताण घालवतात.

पण शिकारीत नळी तापते कधी? बहुतेक वेळा एक गोळी झाडली जाते, कधी दुसरी, क्वचित तिसरी. आदल्या रात्रीच्या थंडीत गारठलेल्या नळीतून पहिली गोळी कुठे जाते, हाच शिकाऱ्याचा प्रश्न. त्या पहिल्या गोळीपुरती चांगली स्पोर्टर नळी व्हार्मिंटपेक्षा मागे नसते. रेंजवर पाच-पाच गोळ्यांच्या फैरी लागोपाठ झाडून बारीक नळीला नावं ठेवणं अन्यायाचं आहे. तिला गोळ्यांमध्ये पाच-पाच मिनिटं द्या, बोल्ट उघडा ठेवा, उन्हातून सावलीत घ्या.

पाचवी पायरी: तोल आणि धक्का

दुकानात रायफल हातात आली की (रिकामी आहे हे तपासून) पुढच्या ॲक्शन स्क्रूच्या जागी बोटावर तोला. तोल तिथेच किंवा एक-दोन इंच पुढे आला तर रायफल खांद्यावर पटकन येते आणि उभ्याने नेम धरताना तोंड शांत राहतं. तोल मागे गेला की तोंड उगाच डोलतं. धाप लागलेली असताना ते डोलणं वाढतं, आणि डोंगरात धाप लागलेलीच असते. म्हणूनच मला अर्धा इंच तोंडाच्या नळ्या आवडत नाहीत. त्या काट्यावर सुंदर दिसतात, पण उभ्याने किंवा गुडघ्यावरून त्यांचा नेम धरायला फार सराव लागतो. तो सराव करायची तयारी असेल, दर आठवड्याला रेंजवर जाता येत असेल, तर खुशाल घ्या.

धक्क्याचा हिशेब सोपा: काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा तयार वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. सहा पौंडांऐवजी नऊ पौंडांची रायफल धरली तर ती एक तृतीयांशाने कमी होते. नवख्या माणसाने, सडपातळ बांध्याच्या माणसाने आणि मुलांना शिकवणाऱ्याने हे फार गांभीर्याने घ्यावं. धक्क्याची भीती एकदा बसली की ट्रिगर ओढताना डोळे मिटतात, आणि ती सवय सुटायला वर्षं जातात. हलकी रायफल हवी असेल तर .३००  मॅग्नम सोडून ६.५ क्रीडमोर किंवा ७ एमएम-०८ घ्या.

सहावी पायरी: खाचा आणि कार्बन

नळीवर उभ्या खाचा पाडल्या तर ती ताठ होते, असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं आहे. खाचा पाडलेली नळी त्याच बाह्य व्यासाच्या अखंड नळीपेक्षा कमी ताठ असते. धातू काढला तर ताठपणा वाढणार कुठून? पण तेवढ्याच वजनाच्या बारीक अखंड नळीशी तुलना केली तर खाचांची नळी जास्त ताठ ठरते. ज्याला .७५ चं तोंड हवंय पण थोडं वजन कमी करायचंय, त्याला खाचा उपयोगी. .६० च्या नळीवर मात्र त्यांत पैसे घालू नका. तिथे काढायला पोलादच फारसं उरलेलं नसतं, आणि खाचा घाईने पाडल्या तर नवा ताण निर्माण होतो तो वेगळाच.

कार्बनच्या नळीत आत बारीक पोलादी नळी आणि तिच्यावर कार्बन फायबरचं आवरण असतं. मोंटानातली प्रूफ रिसर्च आणि युटातली क्रिस्टन्सन आर्म्स या त्यातल्या नावाजलेल्या कंपन्या. जाडी व्हार्मिंटसारखी, वजन स्पोर्टरच्या जवळ. ताठपणा चांगला, आणि सप्रेसरसाठी (आवाज कमी करणारं, तोंडावर बसवायचं नळकांडं) तोंडाला भरपूर जागा. पण ती साध्या पोलादी नळीच्या दुप्पट किंवा त्याहून महाग पडते, आणि जाड कंटूरमुळे दस्त्याचं खोबण मोठं करावं लागतं. पहिल्या रायफलीवर ती घेऊ नका. तेच पैसे काडतुसं आणि रेंजवर घाला.

सातवी पायरी: तोंडावर काय बसवणार?

सप्रेसर लावायचा असेल तर ते नळी निवडण्याआधी ठरवा. .३० कॅलिबरला तोंडावर सप्रेसर आवळायचा नेहमीचा आटा ५/८-२४ चा, म्हणजे आट्याचाच व्यास .६२५ इंच. सप्रेसर सरळ टेकायला त्याच्या मागे पुरेसा खांदा लागतो, म्हणून तोंड .७० च्या आसपास हवं. .५६ च्या तोंडावर हा आटा बसतच नाही, आणि .३० च्या बारीक नळीवर लहान आटा पाडला तर भोकाभोवतीची भिंत धोकादायक पातळ होऊ शकते. हे काम जाणत्या गनस्मिथकडूनच (बंदुकीच्या कारागिराकडून) करून घ्या.

सप्रेसरचं वजन दहा ते सोळा औंस, आणि तेही अगदी टोकाला. लांब काठीच्या टोकाला पिशवी अडकवल्यासारखं ते हाताला जाणवतं. २४ इंचांच्या नळीवर सप्रेसर लावला की रायफल झुडपांतून काढणं अवघड होतं. सप्रेसरवाल्याने १८ ते २० इंचांची, तोंडाशी .७० ची नळी घ्यावी. शिकारीत सप्रेसर चालतो का, हे आपल्या राज्याच्या नियमात पाहून मगच.

आठवी पायरी: नळी आणि दस्ता

दस्त्याच्या पुढच्या भागाने नळीला कुठेही स्पर्श करू नये. एक डॉलरची नोट दुमडून नळी आणि दस्त्यामधून चेंबरपर्यंत सरकवा. मध्येच अडकली तर तिथे स्पर्श आहे. ओलाव्याने लाकडी दस्ता फुगतो, पातळ सिंथेटिक दस्ता दोन पायांच्या टेकूवर वाकतो, आणि मग नळी एका बाजूला ढकलली जाते. जुन्या काही रायफलींत पुढच्या टोकाला मुद्दाम दाबबिंदू ठेवलेला असतो. तो असेल आणि रायफल नीट मारत असेल तर पॉलिश पेपर घेऊन बसू नका. ॲक्शन स्क्रू मात्र कारखान्याने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळा.

बर्फात चालायचं असेल तर नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा लावा. बर्फ किंवा चिखल अडकलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. रायफल पडली तर बोल्ट काढून आतून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटची पायरी: थंड नळीची परीक्षा

तीन गोळ्यांचा एक छान घेर काढून त्याचा फोटो पाठवण्यात काही अर्थ नाही. एकच कागद जपून ठेवा. प्रत्येक वेळी रेंजवर गेल्यावर सर्वांत आधी, थंड नळीतून, शंभर यार्डांवर त्याच कागदावर एक गोळी झाडा. तीही बाकावरून नाही, तर शिकारीत जसे बसाल तशी: पिशवीवर, काठ्यांच्या टेकूवर, गुडघ्यावर. बाजूला तारीख आणि तापमान लिहा. हंगामाच्या आधी अशी दहा छिद्रं त्या कागदावर हवीत.

त्यांचा घेर तीन इंचांचा आला, तर दोनशे यार्डांवर तो सहा इंच होईल. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा. म्हणजे तुमची हद्द दोनशे यार्डांची, काडतुसाच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. एल्कचा भाग मोठा असला तरी हद्द तीच ठेवा.

घेर फार मोठा आला तर नळीला दोष देण्याआधी स्क्रू तपासा, रिंगा तपासा, नळी नीट साफ करा, आणि दुसऱ्या दोन-तीन प्रकारची काडतुसं मारून पाहा. एखादी नळी १४० ग्रेनवर रुसते आणि १२९ वर मन लावून चालते. मग पट्टा ताणून आणि न ताणता, अशा दोन्ही पद्धतींनी झाडा. गोळ्या बाजूला सरकल्या तर बोट दस्त्याकडे जातं. एवढं सगळं करूनही थंड गोळी भरकटत असेल तरच गनस्मिथकडे नव्या नळीचं बोलणं करा, आणि तेव्हा तो पावणेतीन पौंडांचा कागद बरोबर घेऊन जा.